कॉलरच्या आतलं

गेल्या महिन्यात पुतण्यानं शिर्डीहून टी-शर्ट आणला. काळा, कॉलरचा, आणि छातीच्या डाव्या बाजूला बोटाच्या पेराएवढी हिरवी मगर. अंगात घालूनच घरी आला. दारातून आत येताना माणसाचं आधी पाऊल येतं. याची आधी मगर आली.

ओट्यावर आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं डोळे बारीक केले.

"का रं, सुसर कशाला घेतली अंगावर? वाघबिघ नव्हता व्हय दुकानात?"

"वाघ बुटावर असतो, आजी," पुतण्या म्हणाला आणि पाय पुढं केला. बुटावर खरंच एक जनावर झेप घेत होतं.

"देवा, वाघ पायात आन् सुसर उरावर," एवढं बोलून आई पुन्हा शेंगांकडं वळली.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. कपड्यांबद्दल मत असायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण पेन्शनरला दुपारी वेळ असतो, आणि वेळ असला की मत आपोआप येतं; पडीक रानात हराळी येते तसं. मी विचारलं, "किती पडला?"

"सहाशे, तात्या. ओरिजिनल घ्यायचा तर वर एक शून्य."

"मग हा काय आहे?"

"फर्स्ट कॉपी."

हे तो अभिमानानं म्हणाला. आमच्या शाळेत कॉपी पहिली असो की तिसरी, बाकावर उभंच राहावं लागायचं.

दुपारभर मी त्या मगरीच्या मागं लागलो. मूळ मगर फ्रान्सची. रने लाकोस्त नावाचा टेनिसपटू होता. एका सामन्याच्या वेळी त्यानं आपल्या संघाच्या कप्तानाशी मगरीच्या कातड्याच्या बॅगेवर पैज लावली. बॅगेचं काय झालं ते बाजूला ठेवू. पण वर्तमानपत्रवाल्यांनी त्याचं नाव मगर पाडलं ते पाडलंच. गावात पडलेलं नाव माणूस जन्मभर झटकत असतो. या गड्यानं ते छातीवर शिवून घेतलं आणि 1933 मध्ये तसे शर्ट बाजारात आणले. मला त्याच्या हिमतीचं कौतुक वाटलं. आमच्याकडं पडलेली नावं छातीवर शिवायची म्हटली, तर निम्म्या गावाला शर्टच घालता यायचा नाही.

आता यातली गंमत अशी, की जगात मगरी दोन आहेत. दुसरी सिंगापूरची, 1947 सालची. फ्रेंच मगरीचं तोंड बघणाऱ्याच्या उजवीकडं, सिंगापुरी मगरीचं डावीकडं. या तोंडांवरून दोन्ही कंपन्या देशोदेशीच्या कोर्टांत वर्षानुवर्षं भांडल्या, दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत आल्या. ज्यांनी बांधाच्या दीड फुटावरून सख्ख्या चुलत्याशी तीन पिढ्या तारखा केल्या आहेत, त्या आमच्या लोकांना हा दावा लगेच कळेल. मोजणी आणली असती तर लवकर मिटलं असतं, असंही कोणी सांगेल.

पुतण्याची मगर डावीकडं बघत होती. म्हणजे ज्याची कॉपी म्हणून त्यानं सहाशे मोजले, त्याची ती कॉपीच नव्हती. हे मी त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीवर बसून मला पेन्शनच्या कामाला राहात्याला जायचं होतं. अशा वेळी 'सुसरबाई तुझी पाठ मऊ' एवढंच म्हणायचं असतं.

एकदा नाद लागला की सुटत नाही. त्या बरोबरच्या खुणेचंच घ्या. नायकीच्या बुटावर, टोपीवर, चड्डीवर सगळीकडं असते ती. 1971 मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीनं ती काढून दिली आणि तिला 35 डॉलर मिळाले. पुढं कंपनीनं तिला शेअरही दिले म्हणे, ते चांगलं केलं. पण मी हिशेब मांडला. हीच खूण मी लाल शाईनं, रोज चाळीस वह्यांमध्ये, एकेका वहीत पंधरा-वीस, अशी सगळ्या नोकरीभर काढली. शेअरचं राहू द्या, लाल पेनसुद्धा स्वतःच्या पैशानं आणलं.

आणि बुटावरच्या त्या वाघाची कथा तर आमच्या पारावर सांगण्यासारखी आहे. जर्मनीत हेर्त्सोगेनआउराख नावाचं गाव आहे. नाव जिभेवर बसायला मला दोन दिवस लागले. तिथं डास्लर नावाचे दोघे भाऊ एकत्र बुटाचा कारखाना चालवत होते. त्यांचं फाटलं. एकानं 1948 मध्ये पुमा काढली, दुसऱ्यानं 1949 मध्ये आदिदास. मधून नदी, एकाचं दुकान या तीराला, दुसऱ्याचं त्या. गावाचेही दोन भाग झाले. समोरून कोणी आलं की लोक आधी त्याच्या पायाकडं बघायचे, कोणत्या घरचे बूट आहेत ते, आणि मग बोलायचं की नाही ते ठरवायचे. आपल्याकडं भाऊबंदकीतून फार तर विहिरीची पाळी आणि कोर्टाच्या तारखा निघतात. त्यांच्याकडं दोन ब्रँड निघाले. वाटणी कशी करावी हे शिकायला आपल्या लोकांनी तिकडं जायला हवं.

पूर्वी लेबल आत असायचं. कॉलरच्या मागं, मानेला टेकून, कापडाची एक चौकोनी पट्टी. तिच्यावर टेलरचं नाव आणि खाली बारीक अक्षरात आमच्या गावाचं, 'पुणतांबा'. ती दिसायची फक्त धुणं धुणाऱ्या बाईला. आमच्या टेलरअण्णांचं लेबल निळ्या पट्टीवर पिवळ्या दोऱ्याचं होतं, आणि मानेला चावायचं. आज सत्तरी ओलांडली तरी अण्णा मशीनवर बसतात. मला ते गुरुजी म्हणतात, मी त्यांना अण्णा.

अण्णांकडून मी माझी पहिली आणि शेवटची जीन्स शिवून घेतली. साल 1996. त्या आधीच्या वर्षी अहमदाबादच्या अरविंद मिलनं 'रफ अँड टफ' नावाची एक युक्ती काढली होती. तयार जीन्स तेव्हा मास्तरच्या पगाराला पेलणारी नव्हती. यांनी काय केलं, तर जीन्सचं कापड, चेन, तांब्यासारखी चकचकीत रिव्हेटं आणि मागं लावायचा पट्टा, असं सगळं एका पिशवीत घालून दोनशेच्या आत विकायला ठेवलं. शिवून घ्या तुमच्या शिंप्याकडून. देशातल्या हजारो शिंप्यांना त्यांनी या कामाला जोडलं होतं. जाहिरातीत अक्षयकुमार होता. मी पिशवी घेऊन अण्णांच्या दुकानात गेलो, तेव्हा माझ्या मनात थोडाफार अक्षयकुमार होता हे कबूल करतो.

अण्णांनी कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं. "गुरुजी, हे ताडपत्रीच्या जातीचं आहे."

तीन दिवस ती पँट मशीनवर होती. मशीन पायाची. मांडीच्या शिवणीपाशी कापडाचे सहा पदर एकावर एक यायचे आणि तिथं आली की सुई कट्कन मोडायची. तीन सुया मोडल्यावर अण्णांनी आतून खलबत्त्यातला बत्ता मागवला, शिवण फरशीवर ठेवली आणि ठेचली. लसूण ठेचावा तशी. मग ती नरम पडली आणि सुई आरपार गेली. रिव्हेटं ठोकायला रुळाचा तुकडा. आमचं गाव जंक्शनचं, शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. रुळाचा तुकडा ऐरणीसारखा कुठं ना कुठं असतोच, आणि तो कुठून आला हे विचारायची पद्धत नाही.

पँट तयार झाली. मी घातली. कंबर माझी होती, पण बाकी सगळीकडं अजून एक माणूस मावला असता.

"ढिली झाली का अण्णा?"

"ढिली कशी? मांडी घालून पंगतीत बसता आलं पाहिजे. आणि अंग भरतं माणसाचं."

मी चौतीस वर्षांचा होतो. अण्णांच्या लेखी गिऱ्हाईक कितीही म्हातारं झालं तरी ते वाढत्या अंगाचंच असतं. त्यांनी तिला कोळशाच्या इस्त्रीनं समोर सुरीसारखी धार काढून दिली होती. शिवाय आत, कमरेच्या पट्टीखाली, मांजरपाटाचा चोरखिसा लावला होता. कंपनीनं पाठवलेला पट्टा मागं, आणि आत कमरेला निळ्या पट्टीवर पिवळ्या दोऱ्यात अण्णांचं नाव. शाळेत हेडमास्तरांनी वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "कापड जाड आहे गुरुजी. पावसाळ्यात वाळायचं नाही." त्याहून मोठा अपमान अक्षयकुमारचा कोणी केला नसेल.

पुढं बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं, की जीन्स निघाली तीच एका शिंप्याच्या दुकानातून. जेकब डेव्हिस त्याचं नाव, अमेरिकेतल्या रीनो गावचा. कष्टकऱ्यांच्या पँटचे खिसे उसवायचे म्हणून त्यानं कोपऱ्यांवर तांब्याची रिव्हेटं ठोकली. पेटंटचा खर्च एकट्याला झेपेना, तेव्हा ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या लीव्हाय स्ट्रॉसला सोबत घेतलं. 20 मे 1873 ला पेटंट मिळालं. नाव कापडवाल्याचं झालं. शिंपी शिवणीत राहिला. मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "असंच असतंय," आणि सुईत दोरा ओवत राहिले. मी त्यांना हेही सांगितलं, की कामगार घालतात त्या डांगरीचं नाव आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून पडलं, तिथून जाडंभरडं कापड परदेशी जायचं म्हणून. यावर अण्णांनी दोरा खाली ठेवला. "म्हणजे आपलंच कापड, आपणच ठेचलं, आणि पट्टा त्यांचा?"

मला उत्तर आलं नाही.

पण एक सांगतो. अंगावरच्या कपड्यानं समोरच्याला आपली ओळख पटवायची विद्या आम्हाला परदेशातून कोणी शिकवायला नको होती. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा; महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास आमच्याच तालुक्यात, प्रवरेला उभा राहिला. तेव्हापासून या भागात पांढरा रंग हा रंग राहिलेला नाही, ते पद आहे. नेहरू शर्ट आणि पायजमा, खळ घातलेला, चालताना कागदासारखा वाजणारा. हल्ली नेहरू शर्ट जाऊन त्या जागी लिननचा शर्ट आणि पांढरीच पँट आली आहे. त्यावर मगर नसते, वाघ नसतो, काहीच नसतं. पण मळ्यातून येणारा माणूस दुपारी चार वाजता इतका पांढरा असेल, तर तो मळ्यातून आलेला नाही, हे शेंबडं पोरही ओळखतं. निवडणूक लागली की आमच्या परटाच्या दुकानात कोण उभं राहणार हे वर्तमानपत्राच्या आठ दिवस आधी कळतं. एकदम सहा जोड पांढरे इस्त्रीला आले, की फॉर्म भरलाच म्हणून समजावं. हा ब्रँड सगळ्यांत महाग. त्याला किमतीची चिठ्ठी नसते.

आणि शेतकऱ्याचाही एक ब्रँड आहे. तो मला 2017 मध्ये कळला. 1 जूनला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. त्याची हाक पुणतांब्याच्या ग्रामसभेतून निघाली होती. दूध रस्त्यावर आलं, भाजीच्या गाड्या अडल्या, आणि ज्या गावाचं नाव बाहेर सांगताना 'शिर्डीजवळ' असं पुढं जोडावं लागायचं, त्या गावात टीव्हीच्या गाड्या छत्र्या उघडून उभ्या राहिल्या. एका चॅनलचा मुलगा माइक घेऊन शेतकरी शोधत होता. समोर पुतण्या आणि त्याचे मित्र उभे. रात्रभर जागलेले, आवाज बसलेले, एकेकाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज. पण अंगात जीन्स, टी-शर्ट, छातीवर ती बरोबरची खूण. माइकवाल्याची नजर त्यांच्यावरून घसरून पलीकडं गेली. पाराच्या कट्ट्यावर एक आजोबा बसले होते. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी, चेहऱ्यावर सुरकुत्या. "बाबा, जरा पुढं या. थोडं आकाशाकडं बघा."

आजोबांनी बघितलं. चांगलं बघितलं. संध्याकाळी ते टीव्हीवर दिसलेही.

ते रेल्वेतून रिटायर झालेले होते. त्यांच्या नावावर परसातलं एक लिंबाचं झाड होतं.

पुतण्याला ते फार लागलं. "तात्या, आम्ही कांदा पिकवायचा, आम्हीच रस्त्यावर बसायचं, आणि फोटोला धोतर पाहिजे?" त्या दिवशी त्याची बाजू मला शंभर टक्के पटली. पोरानं शहरातल्या पोरासारखे कपडे घातले की तो शेतकरी दिसत नाही, आणि शहरात गेला की चालण्यावरून शेतकरीच दिसतो. मधल्या मध्ये त्यानं करायचं काय? मगर घ्यायची. मगरीला गाव नसतं. मुलगी बघायला गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत 'मुलगा काय करतो' हा प्रश्न येतो, आणि 'शेती' म्हटल्यावर चहाचे कप जरा लवकर उचलले जातात. त्या पाच मिनिटांत ती मगर त्याच्या वतीनं काहीतरी बोलत असते. सहाशे रुपयांत कोणी एवढी वकिली करत असेल तर ती महाग नाही. तोंड डावीकडं का असेना.

आता टाटांच्या ट्रेंट कंपनीनं 2016 मध्ये झुडिओ नावाची दुकानं काढली, आणि तिथं हजाराच्या आत शर्ट मिळतो. माझ्या मते हे उत्तम झालं. पुतण्याच्या मते वाईट. परवाच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचे पाच मित्र तोच पोपटी शर्ट घालून आले. कोणी कोणाला विचारलेलं नव्हतं. आहेर करायला आलेल्या एका पाहुण्यानं त्यांना बँजोची पार्टी समजून सुपारी किती घेता म्हणून विचारलं. तेव्हापासून पुतण्या म्हणतो, जे सगळ्यांना परवडतं त्याला इमेज नसते. हे वाक्य त्यानं कुठून उचललं माहीत नाही, पण खरं आहे. आणि खरं असूनही मला आवडलेलं नाही.

संध्याकाळी मी गोदावरीच्या कडेनं चांगदेव महाराजांच्या समाधीकडं फिरायला जातो. तिथं बसलं की हे सगळं नव्यानं आठवतं. चांगदेवांची कथा आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे: चौदाशे वर्षांचे योगी, ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले ते वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक. लवाजमा शिष्यांचा. आता महाराजांबद्दल मी वेडंवाकडं बोलणार नाही, समाधी आमच्या गावची आहे आणि रोज हात जोडतो. पण वाघ आणि सापाचा चाबूक म्हणजे, पुतण्याच्या भाषेत, इमेज होती. आणि समोरून ज्ञानेश्वर-मुक्ताबाई धरून ही चार भावंडं आली कशावर, तर ज्या भिंतीवर बसली होती तिच्यावरच. साधी मातीची भिंत.

त्याहून मला त्या आधीचा प्रसंग आवडतो. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्याशीच अडले. वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं, तर ज्ञानानं मोठे. तीर्थरूप लिहावं, तर पोर. शेवटी कागद कोराच धाडला. एवढा मोठा योगी, पण समोरच्याचा दर्जा ठरेना म्हणून लेखणी हलली नाही. मुक्ताबाई म्हणाली, इतकं जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं. मास्तर म्हणून सांगतो, कोऱ्या उत्तरपत्रिकेवर इतके कष्ट घेणारा परीक्षक मी दुसरा पाहिलेला नाही.

परवा पुतण्या म्हणाला, "तात्या, अण्णांकडं चला ना माझ्याबरोबर." त्यानं नवी जीन्स आणली होती, या वेळी खरी, मोठ्या दुकानातली, पावतीसकट. पण लांबीला चार बोटं जास्त. ही पँट कोणत्या देशाच्या माणसाच्या मापानं बेततात कोण जाणे. आमच्याकडची कंबर त्यांना कळली, पाय कळले नाहीत. त्यामुळे कोणत्याही ब्रँडची पँट असो, दुकानातून निघाली की आधी अण्णांकडं येते, मग अंगावर चढते.

अण्णांनी पाटाएवढ्या लाकडी फळीवर पँट पसरली, खडूनं रेघ मारली आणि कात्री चालवली. दोन्ही पायांच्या दोन निळ्या बांगड्या खाली पडल्या. त्या उचलून त्यांनी मागं एका पिशवीत टाकल्या. पिशवी भरलेली होती.

"याचं काय करता?" मी विचारलं.

अण्णा जरा उठले आणि बुडाखालचं बसकर दाखवलं. चौकोनी, जाड, निळ्या रंगाच्या वीस तऱ्हा. कुठं फिकट, कुठं काळपट, कुठं मुद्दाम घासून पांढरा केलेला तुकडा. टाके मात्र सगळीकडं सारखे. "जगातल्या सगळ्या कंपन्या आहेत ह्याच्यात. गुडघ्याला बरं पडतं." आणि पुन्हा त्यावर बसले.

पुतण्यानं त्यांना चाळीस रुपये मोबाईलवरून पाठवले. दुकानातला डबा बोलला, चाळीस रुपये प्राप्त झाले. अण्णांनी मान डोलावली, जणू डब्याला हजेरी दिली.

मग माझ्याकडं वळले. "गुरुजी, तुमचं काय?"

मी पिशवीतून पांढरं पॉपलीन काढलं. दिवाळीला मुलीनं दिलेलं, सव्वादोन मीटर. अण्णांनी गळ्यातली टेप काढून खांद्यावर लावली, छाती मोजली, पोटापाशी जरा थांबले आणि काही न बोलता आकडा लिहून घेतला.

"खिसा एक की दोन?"

"एकच."

पुतण्या मध्येच म्हणाला, "तात्या, खिशावर काहीतरी घ्या ना. बाजारात चिकटवायचं मिळतं, इस्त्रीनं बसतं. घोडा घ्या."

"नको. साधाच असू द्या," मी म्हणालो.

"आणि आत?" अण्णांनी विचारलं. "चोरखिसा?"

"तो पाहिजे," मी म्हणालो.